समुद्र कोणाचा?

व्याख्यानाच्या समारोपाला ‘शेवटी सर्व धर्म एकच’ असे म्हणून टाळ्या घेण्याची आपल्याकडे आता इतकी रूढी पडली आहे, की त्या विधानाला कोणी पुरावा मागत नाही, आणि ते खरे मानल्यास धर्मचिंतनाला काम काय उरते, हेही कोणी विचारीत नाही. मला या विधानाविषयी जो संशय आहे तो ग्रंथवाचनाने उत्पन्न झालेला नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असता, रिव्हरसाइड ड्राइव्हवरील इंटरनॅशनल हाउस या वसतिगृहाच्या जेवणघरात, नाना देशांच्या सोबत्यांच्या पंक्तीला बसून तो हळूहळू बळावत गेला. आणि ते दिवस आठवले म्हणजे अजूनही मन प्रसन्न होते, याचे श्रेय बव्हंशी तिथल्या वादांनाच दिले पाहिजे.

हे वसतिगृह १९२४ साली धाकट्या जॉन रॉकफेलरच्या देणगीतून उभे राहिले, पण त्याची मूळ कल्पना हॅरी एडमंड्स नावाच्या एका गृहस्थाची. १९०९ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्याने एका चिनी विद्यार्थ्याला जाता जाता अभिवादन केले, तेव्हा तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेला पहिला मनुष्य तोच, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. त्या एका उत्तराने एडमंड्स अस्वस्थ झाला आणि पुढचा सारा खटाटोप त्यातून निघाला.

धर्माधर्मांतले भेद तत्त्वज्ञानाच्या वर्गात जितके सूक्ष्म वाटतात तितकेच ते ताटात ढळढळीत दिसतात. आमच्या मेजावर जेरुसलेमहून आलेला एक यहुदी विद्यार्थी कागदी बशीत उकडलेली, न सोललेली अंडी आणि अखंड संत्रे एवढेच घेऊन बसे, कारण परक्या भांड्याचा आणि परक्या सुरीचा स्पर्श त्याला वर्ज्य होता. त्याच्या शेजारी कैरोचा एक मुसलमान विद्यार्थी घेवड्याच्या भाजीत डुकराचे मांस लपलेले नाही याची वाढप्याकडून रोज नव्याने खातरजमा करून घेई. आणि समोरचा गुजराती जैन बटाट्याला हात लावीत नसे. (मी सर्वभक्षी कोकणी ब्राह्मण, माझे कोणाला कौतुक नव्हते.) एके रात्री आमच्यातल्या एका बंगाली मित्राने, विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जो नद्या आणि समुद्राचा दृष्टान्त दिला होता तो मोठ्या गहिवराने मांडला, आणि सारे मार्ग अखेर एकाच सागराला मिळतात असे सांगून तो थांबला. त्यावर यहुदी मित्राने अंड्याचे टरफल सोलता सोलता शांतपणे विचारले, “पण समुद्र कोणाचा?”

बंगाल्याला प्रश्न कळेना, तेव्हा त्याने तो उलगडून सांगितला. सिनाय पर्वतावर परमेश्वराने आपल्या पूर्वजांशी करारनामा केला, त्याची सहाशे तेरा कलमे आहेत आणि ती पाळण्यासाठी त्याच्या लोकांनी प्राण दिले आहेत. आता तुमचा समुद्र जर निर्गुण ब्रह्माचा असेल, तर त्या करारनाम्याला वाटेतल्या एखाद्या ओहोळापलीकडे किंमत राहत नाही, आणि आम्ही इतकी शतके नकळत तुमचे मांडलिक होतो असाच त्याचा अर्थ होतो. कैरोच्या मित्राने मान डोलावली. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मामल्यात या दोघांचे पटत नसे.

आपल्या उदारतेला कोणी आक्रमण म्हणावे याचे मला त्या वेळी नवल वाटले. परंतु वसतिगृहाजवळच रिव्हरसाइड चर्च होते, आणि १९३० साली पुऱ्या झालेल्या त्या भव्य मंदिराच्या पश्चिमद्वाराकडे पाहताना आक्षेपाचे मर्म ध्यानी आले. द्वारावर मध्यभागी ख्रिस्त सिंहासनस्थ आहे, आणि भोवतीच्या कमानींत बुद्ध, कन्फ्यूशियस आणि मुहंमद यांच्याही आकृती कोरलेल्या आहेत, डार्विन आणि आइन्स्टाइन यांनाही तेथे स्थान मिळाले आहे. ज्यांनी हे केले त्यांचा हेतू निःसंशय शुद्ध होता. पण ज्या पैगंबराच्या अनुयायांना मूर्तीच निषिद्ध, त्याची मूर्ती दुसऱ्याच्या देवाच्या दरबारात उभी करून त्याचा सन्मान केला असे मानणे, आणि सर्व देवांना ब्रह्माची रूपे म्हणून कडेने बसवून घेणे, या दोन कृती एकाच जातीच्या आहेत.

कोणी म्हणेल, की भेद असे उगाळीत बसल्याने कलह माजेल. मला उलट अनुभव आला. १९५३ साली रमजान मेच्या मध्याला, ऐन परीक्षेच्या हंगामात आला, आणि न्यूयॉर्कात त्या दिवसांत सूर्य आठाच्या पुढे मावळतो, तोवर जेवणघर बंद झालेले असे. मी पाहिले आहे, की तो यहुदी विद्यार्थी रोज बंद होण्यापूर्वी जाऊन कैरोच्या मित्राचे ताट मागून आणी, त्यावर दुसरी बशी पालथी घाली आणि खिडकीपाशी ठेवून देई. रमजानचा उपवास ईश्वराने फर्मावला आहे यावर त्याचा काडीमात्र विश्वास नव्हता. मित्राचा मात्र आहे, आणि तो मनापासूनचा आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

मी सप्टेंबर १९५२ मध्ये तेथे पोहोचलो, त्याच्या आधी जूनमध्ये कोलंबियाने आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला, म्हणजे डॉ. आंबेडकरांना, सन्मान्य पदवी दिली होती. त्यांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे ते धर्म पारखीत होते. सर्व धर्म एकच असते, तर एवढ्या प्रखर बुद्धीच्या पुरुषाने त्या पारखण्यात आयुष्य का वेचावे? त्यांच्या निवडीशी कोणाचा मतभेद असेल, पण निवड करण्याजोगे काही आहे हे त्यांनी मानले, आणि या एका बाबतीत मला ते आपल्या सर्व समन्वयवाद्यांहून अधिक धर्मनिष्ठ वाटतात.

हल्ली शिष्यवृत्त्या मिळवून पुष्कळ मराठी तरुण परदेशी जातात, आणि गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आपली मंडळी हुडकून, एका खोलीत मेतकूट-भाताचा बेत करून, पुण्याच्या गप्पा मारतात. तो बेत मीही केलेला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्यांनी परक्यांच्या मेजावर जेवावे, आणि तिथे नद्यांचा दृष्टान्त देण्याची घाई करू नये, एवढीच माझी विनंती आहे.