आधी नागबळी की आधी टाटा?

शंका : माझ्या थोरल्या दिरांच्या (वय 54) गालाला आतून चट्टा पडला होता. साताऱ्यात तुकडा काढून तपासला, तर तोंडाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पुढे गेलेला. मुंबईला टाटाची तारीख मिळाली आहे. पण गुरुजींनी सासूबाईंना सांगितले, की हा पितृदोष आहे. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी होईपर्यंत शस्त्र लावू देऊ नका. मुहूर्त टाटाच्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी आहे. दिरांना आम्ही 'साधी गाठ आहे' एवढेच सांगितले आहे. हे खोटे बोलणे पाप ठरेल का? त्यांचे श्रावणी सोमवार चालू ठेवावेत का?
– एक भगिनी, कोरेगाव

समाधान : ताई, टाटाची तारीख आधी. तुमच्या भागात आल्याला कंदकूज दिसली की त्याच दिवशी आळवणी करतात. पंचांग कोणी उघडत नाही. मग घरच्या माणसासाठीच ते का उघडावे?

पितृदोषाचे म्हणाल, तर रामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्यावर कोणते पितर कोपले होते? त्यांच्या शिष्यांनी डॉक्टर आणले, रात्री जागवल्या, पथ्यपाणी पाहिले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. आबा 2015 साली तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा वय अवघे 57. आणि ज्यांचे मूळ घराणे तुमच्याच तालुक्यातल्या नांदवळचे सांगतात, त्या शरद पवारांना 2004 साली हाच रोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि त्यानंतर वीस वर्षे ते राजकारणात वावरले. यात पापपुण्याचा हिशेब लागत नाही. तंबाखू-सुपारीचा लागतो. पण तोही आता दिरांना ऐकवू नका. 'तरी सांगत होतो' हे वाक्य आजाऱ्याच्या खाटेजवळ म्हणणारा आणि पितृदोष सांगणारा, दोघे एकाच माळेचे.

गुरुजींविषयी थोडे जास्त लिहितो, कारण हा प्रकार वाढत चालला आहे. घरात रिपोर्ट आला की आठ दिवसांत कोणीतरी दोष काढतो. पूजेचा खर्च, सामग्री, दक्षिणा, जाण्यायेण्याची गाडी, तीन दिवसांचा मुक्काम, आणि ते झाले की पुन्हा एखादी शांत. पैसे गेले तर परत मिळवता येतील, पण वाया गेलेले तीन आठवडे या रोगात परत मिळत नाहीत. ज्याला रोगातले कळत नाही त्याने 'शस्त्र लावू नका' म्हणणे हा माझ्या मते सरळ अपराध आहे. उद्या काही बरेवाईट झाले, तर हेच गुरुजी 'तुमची श्रद्धा कमी पडली' म्हणायला मोकळे!

मी या बाबतीत एकच अधिकारी मानतो, गाडगेबाबा. नवससायासांवर त्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले आणि रोग्याला औषध देणे हाच धर्म सांगितला. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा 1984 पासून टाटाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. नागबळीला काढलेली रक्कम तुमच्या मुंबईच्या मुक्कामाला लावा. सासूबाईंच्या मनाचे समाधान हवे असेल तर त्यांनी घरी विष्णुसहस्रनाम म्हणावे. त्याला खर्च नाही आणि त्याने कोणाची तारीख चुकत नाही.

सोमवार बंद करा. आजाऱ्याला उपवास लागू नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पुढे तोंड उघडेनासे होईल, गिळताना आग होईल, कदाचित नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावे लागेल. आत्ता अंगात जेवढी ताकद साठेल तेवढी हवी. व्रत मोडल्याचा दोष लागलाच तर माझ्या माथी टाका.

आता खोट्याविषयी. टाटाच्या आवारात पाऊल टाकताच दिरांना सगळे कळणार आहे. बहुधा आत्ताच कळले आहे, तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आहेत. पापापेक्षा मला हे एकटेपण जास्त वाईट वाटते. शिवाय शस्त्रक्रियेच्या कागदावर सही त्यांची, सातबारा त्यांचा, मुलीच्या लग्नाचा विचार त्यांचा. सगळे एकदम सांगू नका. रोगाचे नाव सांगा, उपचार आहेत हे सांगा, आणि पुढचे ते विचारतील तेवढेच. 'नक्की बरे व्हाल' असे वचन मात्र देऊ नका.

भेटायला येणाऱ्यांना दारातच आवरा. अमक्याला असेच झाले आणि महिन्यात गेला, ही कथा सांगणारा एक तरी येतोच. त्यापेक्षा कोणी म्हशींची धार काढून द्यावी, कोणी रानाला पाणी पाजावे. फाईल एकाच माणसाकडे ठेवा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार बसतात. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सवलत आहे, त्याचा दाखला डॉक्टरांकडून मागून घ्या.

आणि दिरांशी आज रात्रीच बोला, सासूबाईंना शेजारी बसवून.