धर्मव्याध आणि आमच्या डोहावरचे मामाजी



रोजच्या वाचनात सध्या महाभारताचं वनपर्व चालू आहे. काल आणि आज धर्मव्याधाची कथा आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली वेद म्हणत बसला होता. वरून बगळीने घाण केली, याने रागाने वर पाहिलं आणि ती बिचारी मरून पडली. मग हा भिक्षेला एका घरी गेला. घरची बाई नवऱ्याच्या सेवेत होती, तिला बाहेर यायला वेळ लागला. कौशिक चिडला, तर ती शांतपणे म्हणाली की मी काही ती बगळी नव्हे. धर्म कळायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे, त्याला विचार. कौशिक गेला. पाहतो तर काय, ज्याच्याकडून धर्म शिकायचा तो खाटकाच्या दुकानात हरणाचं आणि म्हशीचं मांस विकत बसलेला!

ही कथा युधिष्ठिराला सांगतात ते मार्कंडेय ऋषी. आपल्याकडे चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे, महाशिवरात्रीला केवढी यात्रा भरते. नदी तिथे उत्तरेला वळते. लोक मानतात की मार्कंडेयांचं स्थान तेच. त्यामुळे वनपर्वातला हा भाग वाचताना मला मिथिला दिसतच नाही. मला वैनगंगेची रेती दिसते, आणि रेतीवर बसून जाळं विणणारे आमचे मामाजी दिसतात.

मामाजी म्हणजे नात्याने कोणी नव्हेत. ढिवर समाजाचे, नदीकाठचे, ब्रह्मपुरीच्या बाजूचे. सगळं गाव त्यांना मामाजीच म्हणायचं. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते रुचणार नाही. गेल्या वैशाखात ते गेले. मासेमारीच्या टोळीचे ते म्होरके होते, आणि आमच्या घरी तीन पिढ्यांची तुळशीची माळ. आता सांगा, माळकऱ्याने मासे मारणाऱ्या माणसाला मनात इतकी मोठी जागा का द्यावी? प्रश्न मला लोकांनी विचारलेला आहे, म्हणून इथे मांडतो.

आधी डोहाची गोष्ट सांगतो. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे आरमोरी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. कागदावर रेघ नंतर ओढली, पण अलीकडचे आणि पलीकडचे ही चुरस त्याहून जुनी. उन्हाळ्यात नदी उतरते, सगळीकडे रेती पडते आणि पाणी डोहात तेवढं राहतं. मग दोन्ही काठच्या टोळ्या एक दिवस ठरवून मोठ्या डोहात उतरायच्या. सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत. त्यानंतर रेतीवरच मासे विकत घेणाऱ्याच्या काट्यावर दोन्ही ढिगांचं वजन व्हायचं आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवण द्यायचं. ढाल नाही, हार नाही, पेपरात फोटो नाही. पण त्या दिवशी काठावर जेवढी माणसं जमत, तेवढी गावच्या कबड्डीलाही जमत नसत. आम्ही पोरं बाभळीखाली बसून बघायचो. मासे खायचे नव्हते, बघायला कोण अडवणार!

मामाजी ओढजाळाच्या नेमक्या त्या टोकाला असत जिथे पाणी खोल आणि तळाशी बुडालेले ओंडके. जाळं अडकलं की बुडी मारून सोडवायचं काम टोळीतल्या तरुणांनी करावं असा रिवाज, इथे म्होरक्याच बुडी मारायचा. आणि वाट्याला मात्र शेवटी बसायचा. पाण्याच्या रंगावरून, बुडबुड्यांवरून, कुठे मरळ आहे आणि कुठे वाम आहे हे ते सांगत. हा कसबाचा भाग झाला. कसबी माणसं पुष्कळ असतात, त्यांच्यावर चिंतन लिहायचं कारण नाही.

खरी गोष्ट उन्हाळ्यातली नाहीच, मृगातली आहे. पहिला मोठा पाऊस झाला, नदीला लाल पाणी आलं, की मासा अंडी घालायला वर चढतो. नाल्यात शिरतो, धानाच्या बांधीपर्यंत येतो. एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. पोट जड, पाणी उथळ, त्यामुळे तेव्हा मासा धरणं सगळ्यात सोपं, आणि गाभोळीला भावही चांगला. रोहू, कतला हे तळ्याच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणीच लागतं. म्हणून मामा तलावांत दरवर्षी बीज आणून सोडावं लागतं. नदीला बीज कोण आणून सोडणार? तिचं तिलाच करावं लागतं. त्यात आता धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या भिंती आल्या, चढणीच्या माशाची वाट तिथेच संपते. उरलेली वाट म्हणजे हे नाले.

मामाजींचा नियम असा की पहिला पूर आल्यावर पंधरा दिवस नाल्याच्या तोंडाशी जाळं लावायचं नाही. विष, ब्लीचिंग पावडर, तारेचा करंट या गोष्टी तर त्यांच्या टोळीत कधीच नव्हत्या. पण पलीकडच्यांचा पंधरा दिवसांचा नियम नव्हता. मासा काही काठ ओळखत नाही. अलीकडच्यांनी सोडलेली मादी पलीकडच्यांच्या जाळ्यात जायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात डोहात जे काही वाढलेलं असेल त्यात दोघांचा सारखाच हिस्सा. टोळीत कुरकुर व्हायची. 'आपन सोडतो, ते धरतात. मंग आपन येडे का?' मामाजी म्हणत, 'त्यायची गोस्ट त्यायपासी. मले माह्या जाराचं इचारा जी.'

इथपर्यंत ऐकून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. पण थांबा. दहा जणांच्या टोळीत म्होरक्याने संयम पाळायचा ठरवला, तर उपास कोणाला घडतो? दहाही घरांना. ज्याच्या घरी डब्यात तांदूळ आहेत त्याला संयम सोपा. दुसऱ्याच्या ताटातून पुण्य करण्याचा अधिकार म्होरक्याला आहे का? मोठमोठ्या माणसांच्या त्यागाच्या गोष्टी मी वाचतो तेव्हा हाच प्रश्न मनात येतो, की त्याची किंमत घरातल्या कोणी मोजली? बहुतेक पोथ्या याबाबत गप्प आहेत, असं माझं मत आहे.

मामाजींनी याचं उत्तर बोलून दिलं नाही. टोळीत वाटे पडतात ते असे, प्रत्येक माणसाचा एक, शिवाय जाळ्याचा वेगळा आणि डोंग्याचा वेगळा. जाळं आणि डोंगा दोन्ही मामाजींचे, म्हणजे त्यांचे तीन वाटे हक्काचे. त्यातले जाळ्याचे आणि डोंग्याचे पैसे ते उन्हाळाभर मामीजींकडे ठेवायला देत, आणि मृगातल्या त्या पंधरा दिवसांत टोळीत सारखे वाटून टाकत. जाळ्याच्या दुरुस्तीचा दोरा मात्र स्वतःच्या एका वाट्यातून. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की जो फक्त स्वतःसाठी रांधतो तो पापच खातो, आणि यज्ञातून उरलेलं खाणारे सुटतात. त्या तेराव्या श्लोकावर मी प्रवचनं ऐकली आहेत, त्यातल्या बहुतेकांत यज्ञ म्हणजे तूप आणि समिधा होत्या.

आणि तरीही त्यांचा नियम मोडला गेला. एका वर्षी टोळीतला एक तरुण म्हणाला की मला जमणार नाही. बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात, ऑपरेशन सांगितलेलं, वाट्याचे पैसे पुरणार नव्हते. टोळीतले बाकीचे म्हणाले की नऊ जण एका बाजूला आहेत, याचं काय ऐकायचं? मामाजी म्हणाले, 'नवाचं पोट वेगरं, त्याचं वेगरं.' आणि त्याला स्वतःचं जाळं दिलं. तो गेला, अंड्यांनी भरलेल्या माद्या आणल्या, विकल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल तुम्ही वाचलं असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते देशभर माहीत झालं, २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तिथे ग्रामसभेत हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन होईपर्यंत बोलत राहतात, एकाचं जरी अडलं तरी थांबतात. बहुमताने आपण एकाला हरवतो, त्याला पटवत नाही. मामाजींच्या त्या वाक्यात मला तीच गोष्ट दिसते. पण नदीला थांबता येत नाही. पूर आला की मासा चढणारच, आणि तेवढ्यात ठरवावं लागतं.

नंतर एकदा मी त्यांना विचारलं होतं, मामाजी, त्या माद्या मेल्या, लाखो अंडी गेली, ते पाप कोणाचं? ते दोरा दातात धरून जाळं सांधत होते. म्हणाले, 'अर्धं त्याचं, अर्धं माहं.' आणि पुन्हा सांधायला लागले. मला वाटलं होतं ते म्हणतील की आमचा धंदाच तो, देवानेच नेमून दिला. तसं ते कधीच बोलले नाहीत. जन्माच्या आड लपले नाहीत.

वनपर्वातला व्याध मात्र थोडा लपतो, असं मला वाटतं. तो सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि स्वतः मांस खात नाही. पुढे तर मागच्या जन्मी तो ब्राह्मण होता, शापामुळे व्याध झाला, असंही येतं. कथेचा हा भाग मला सगळ्यात कच्चा वाटतो. जणू धर्म सांगणारा माणूस मुळात खाटीक असूच शकत नाही! खुद्द महाभारत सांगणारे व्यास सत्यवतीच्या पोटचे, आणि सत्यवती नदीवर नाव चालवणारी, दाशराजाने वाढवलेली कोळ्याची लेक. ज्यांना ढिवराच्या ओट्यावर चहा प्यायला अवघड वाटतं, त्यांनी कोणाचा ग्रंथ डोक्याला लावतो ते एकदा बघावं.

पण व्याधाचं एक म्हणणं मला सोडत नाही. तो कौशिकाला सांगतो की नांगर चालतो तेव्हाही जमिनीतले जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, चालताना पायाखालीही. हिंसेतून पूर्ण सुटलेला कोणी नाही, प्रयत्नाने ती कमी करता येते एवढंच. आमचा सगळा मुलूख धानाचा. चिखलणीला बांधीत किती खेकडे, बेडूक, गांडुळं जातात ते रोवणीच्या बायांना विचारा. आणि फवारणीनंतर बांधीचं पाणी ज्या नाल्यात उतरतं, त्याच नाल्यात मासा अंडी घालायला आलेला असतो. माझ्या ताटातल्या भाताच्या मागे हे सगळं आहे. मामाजींना निदान आपल्या हातून गेलेले जीव काट्यावर मोजलेले दिसत. आम्हा शाकाहाऱ्यांचा काटा कुठे आहे?

मासे मारणं चांगलं, असं मी म्हणत नाही. माझ्या गळ्यात माळ आहे आणि ती राहणार. मला एवढंच कळलं आहे की जो आपला अर्धा हिस्सा मोजून घेतो त्याच्यापाशी बसावं.

मामाजी गेले तेव्हा पलीकडची टोळी डोंग्यातून आली होती, सगळी. नदीवर दोन्ही काठची माणसं मिसळून उभी होती. टोळीतले निम्मे तरुण तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, त्यांना निरोप उशिरा मिळाला. आता टोळीचा म्होरक्या तोच आहे, ज्याला मामाजींनी त्या मृगात जाळं दिलं होतं. पोरगी त्याची शाळेत जाते. या वर्षी पहिला पूर आला तेव्हा मी मुद्दाम नाल्याकडे चक्कर मारली. तोंडाशी जाळं नव्हतं. पलीकडच्या काठावर दोन होती.

उद्याच्या वाचनात व्याध कौशिकाला घरात नेऊन आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांची भेट घडवतो, तो भाग घेऊ.

राम कृष्ण हरि.