शरणागत जीव आणि रक्षकाचा लाभ

जीवरक्षण करीत असता रक्षकास द्रव्यलाभ झाला, तर ते रक्षण अहिंसेच्या कोटीत गणावे किंवा नाही? वरवर पाहता प्रश्न सोपा वाटतो. परंतु तो एखाद्या प्रत्यक्ष गावी नेऊन पाहिला म्हणजे त्याची अवघड बाजू ध्यानी येते. असे एक गाव कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील, समुद्रकाठचे वेळास. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते पूर्वी ठाऊक होते. आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवीण रात्री वाळूवर येते, मागील पायांनी खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे येत नाही. इतका निराधार जीव दुसरा क्वचितच असेल. पूर्वी ही अंडी माणसे उकरून काढीत, खात आणि विकीत. त्यांच्या हातून सुटलेली कोल्ही-कुत्री फस्त करीत. सन २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून रक्षणास आरंभ केला. अंडी हलक्या हाताने उचलावयाची, कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात ठेवावयाची, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की समुद्राच्या वाटेला लावावयाची, असा तो क्रम. सन २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. दूरदूरची माणसे पिल्लांचा सागरप्रवेश पाहावयास येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच स्वयंपाकघरातले जेवतात. जी वाळू अंडी विकून चार पैसे देत होती, ती आता अंडी राखून अधिक देऊ लागली.

यावर कोणी म्हणेल की, ही अहिंसा नव्हे, हा व्यापार पालटला एवढेच. उद्या पाहुणे येईनासे झाले तर कुंपण कोण घालणार? शंका रास्त आहे. सकाम कर्माचे फळ भोगाने संपते, हे आपल्या वासनिकांनाही निरूपणातून परिचित आहे. लाभाच्या आशेने राखलेला जीव राखणाऱ्यास मोक्षमार्गावर एक पाऊलही पुढे नेत नाही. परंतु येथे दोन गोष्टी एकीत मिसळल्या जातात. कर्त्यास काय मिळाले हा एक प्रश्न. ज्याचे रक्षण झाले त्यास काय मिळाले हा दुसरा. अंड्यातील पिल्लास राखणाऱ्याच्या मनातील हेतूशी कर्तव्य नाही. त्याची देहयात्रा तुटली नाही, एवढे त्याच्यापुरते पूर्ण सत्य आहे. योनी भिन्न असली तरी जीव हा पदार्थ कासवाच्या ठायी आणि माणसाच्या ठायी निराळा नाही. मग त्याच्या बाजूने हिशेब मांडण्याचे नाकारणे ही विरक्ती नसून, विरक्तीचे नाव घेतलेली उदासीनता होय.

सर्वज्ञांच्या चरित्रातील सशाची लीळा या ठिकाणी आठवावी. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या जानूतळी शिरला. स्वामींनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही. पण पारध्यांनाही धिक्कारून घालविले नाही, त्यांच्याशी बोलले. सशाचे रक्षण आणि पारध्यांचे प्रबोधन ही दोन्ही कार्ये त्या एका प्रसंगात झाली, आणि प्रथम झाले ते रक्षण. वेळासला पहिले कार्य झाले आहे, दुसरे कितपत झाले ते ज्याचे त्याने पाहावे.

महोत्सवाची खरी परीक्षा लाभात नसून वेळेत आहे. कासवाची पिल्ले स्वभावतः बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि क्षितिजावरील उजेडाच्या अनुरोधाने पाण्याकडे धावतात. अंगी असलेले थोडके बळ त्यांना त्या पहिल्या धावेसाठी व पोहण्यासाठीच पुरवून वापरावे लागते. महोत्सवात मात्र ती सकाळी आणि सायंकाळी, पाहणारे जमल्यावर सोडली जातात. पाहुण्यांच्या सोयीसाठी पिल्लू जितका काळ थांबविले जाते, तितका काळ रक्षण हे रक्षण राहत नाही, तो खेळ होतो. हजारांत एखादेच पिल्लू वाढून मोठे होते असा जाणकारांचा अंदाज आहे. अशा जीवाची घटकाभराची शक्ती ही क्षुल्लक वस्तू नव्हे. दोरीच्या अलीकडे बसून निमूट पाहणारा पाहुणा आणि पिल्लू दिसले नाही म्हणून कुरकुरणारा पाहुणा, दोघेही एकच भाडे देऊन आलेले असतात. त्यांच्यातील अंतर पैशाने मोजता येत नाही. (तीर्थस्थानी गर्दी करणाऱ्यांतही हे दोन प्रकार आढळतात, हे सांगणे नको.)

परंतु कासव हा सोयीचा जीव आहे. तो कोणाचे शेत खात नाही. पंथाचे बहुसंख्य वासनिक वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात शेती करून राहतात. त्यांच्या शिवारात येतात ते रोही आणि रानडुकरे. एका रात्रीत हरभऱ्याचा वाफा उद्ध्वस्त होतो. ते पाहण्यास मुंबई-पुण्याहून कोणी येत नाही, आणि त्यांच्या नावाने महोत्सव भरत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या या प्राण्यांस मारण्याची परवानगी मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. म्हणजे कायदा वाट अडवीत नाही, अडविते ते केवळ व्रत. ज्या वासनिकाने अहिंसेचा उपदेश घेतला आहे, त्याचे शेत शेजाऱ्याच्या शेताआधी खाल्ले जाते, कारण शेजारी बंदूकवाल्यास बोलावतो आणि हा बोलावीत नाही. अशा माणसाला नुसते सूत्र सांगून परत पाठविणे सोपे आहे.

वेळासच्या गावकऱ्यांनी जे केले त्यातील घेण्याजोगी गोष्ट येथे दिसते. त्यांनी जीवरक्षणाचे ओझे एका घरावर टाकले नाही. पहारा वाटून घेतला, पाहुणेही वाटून घेतले. वऱ्हाडातील गावात वाटून घेण्यास लाभ नाही, तोटा आहे. रात्रीची राखण पाळीपाळीने करणे, शिवाराला सर्वांच्या खर्चाने कुंपण घालणे, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करताना अडाणी शेतकऱ्याबरोबर लिहिता-वाचता मनुष्य पाठविणे, आणि ज्याचे पीक गेले त्याच्या घरी पुढील सुगीपर्यंत धान्य पोहोचते करणे, ही कामे उत्सवासारखी दिसत नाहीत. आश्रमात जमणाऱ्या मंडळींनी ती हाती घेतली तर कोणी छायाचित्रे काढावयास येणार नाही. रोही मात्र शिवारातून जिवंत परत जाईल, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येईल.