सक्तीची शिस्त आणि ग्रिमशॉची तुकडी

‘पोरांना दोन वर्षं लष्करात धाडा, आपोआप सरळ होतील’ हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत कुठेही ऐकू येतं. मे २०२४मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय सेवा पुन्हा आणण्याचं आश्वासन दिलं आणि या मताला नवा जोर आला. अशाच एका परिसंवादात एका वक्त्याने ‘कॅरी ऑन सार्जंट’ या जुन्या ब्रिटिश विनोदी चित्रपटाचा दाखला दिला. नाखूश, आळशी पोरं कवायतीने कशी घडतात ते त्यात पाहा, असं त्यांचं म्हणणं. हा दाखला साफ चुकीचा आहे.

चित्रपट १९५८चा, जेरल्ड थॉमस यांनी दिग्दर्शित केलेला. निवृत्तीला आलेल्या सार्जंट ग्रिमशॉला आपली शेवटची तुकडी तरी सर्वोत्तम ठरावी अशी आस आहे. त्यावर त्याने पन्नास पौंडांची पैजही लावली आहे. त्याच्या वाट्याला येतो चार्ली सेज, ज्याला ऐन लग्नाच्या दिवशी बोलावणं आलंय. होरेस स्ट्राँगला रोज नवा आजार होतो. बेली वरिष्ठांना उलट उत्तरं देतो.

आता या पोरांत बदल कशाने होतो ते बघा. ग्रिमशॉ ठरवतो की या खेपेला आरडाओरडा नाही, समजुतीने घ्यायचं. तरी तुकडी ढिम्म. मग परीक्षेच्या तोंडावर पोरांना सार्जंटच्या पैजेचं कळतं आणि या भल्या माणसाला हरू द्यायचं नाही, असं ती आपणहून ठरवतात. स्ट्राँगला डॉक्टर ठणठणीत ठरवतात, पण त्याची भीती जाते ती नोरा नावाच्या मुलीच्या प्रेमाने. हुकूम पहिल्या दिवसापासून होतेच, त्यांनी काही घडलं नव्हतं. घडलं ते माणसाला माणूस लागला म्हणून.

ग्रिमशॉचं काम करणारा विल्यम हार्टनेल इथे मला फार महत्त्वाचा वाटतो. करड्या आवाजाचा, दगडी चेहऱ्याचा सार्जंट म्हणजे हार्टनेल, असं समीकरण ब्रिटिश पडद्यावर बसलं होतं. कॅरल रीडच्या १९४४च्या ‘द वे अहेड’मध्येही नाखूश भरती झालेल्यांना घडवणारा सार्जंट तोच होता. पण दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस रणगाडा दलात भरती झाला, तेव्हा प्रशिक्षणाचा ताण त्याला सोसला नाही. तो मनाने खचला आणि लष्कराने त्याला घरी पाठवलं. कवायतीने प्रत्येक जण पोलादी होतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पडद्यावरच्या या सार्जंटचं आयुष्य आधी वाचावं. तो दुबळा नव्हता. पुढे तीसेक वर्षं त्याने अभिनयात कष्ट उपसले, ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला डॉक्टर तोच. बराकीला तो मानवला नाही, एवढंच.

इथवर मी चित्रपटाच्या बाजूने बोललो. पण त्याला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. गोष्ट संचलनाच्या मैदानावर, निरोपाच्या भेटवस्तूपाशी संपते. खऱ्या चार्ली सेजची गोष्ट तिथून सुरू होत होती. १९४८च्या कायद्याने ठरलेली दीड वर्षाची सेवा कोरियन युद्धामुळे १९५०मध्ये दोन वर्षांची झाली आणि त्यानंतरही साडेतीन वर्षं राखीव दलात नाव राहायचं. मलाया, केनिया, सायप्रस इथे साम्राज्य सांभाळायला हीच विशीतली पोरं गेली. १९५६मध्ये सुएझसाठी हजारो राखीव सैनिकांना नोकरी-संसारातून पुन्हा उचललं गेलं. आठवडेच्या आठवडे नुसतं ताटकळत राहिल्यावर माल्टा आणि सायप्रसमध्ये त्यांच्यातल्या काहींचा संताप अधिकाऱ्यांसमोरच बाहेर पडला. हे सगळं ताजं असताना आलेल्या चित्रपटात त्याची सावलीसुद्धा नाही. आजच्या वक्त्यांना त्याचा दाखला देता येतो, तो या मौनामुळेच.

आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांनी स्वतः काय केलं? १९५७मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी सक्तीची भरती बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. ती महाग पडत होती, नियमित सैनिकांची मोठी शक्ती नवख्यांना शिकवण्यातच खर्च होत होती. १९६०च्या अखेरीस बोलावणी थांबली, १९६३मध्ये शेवटचा शिपाई घरी गेला.

भारताचं सैन्य स्वेच्छेने आलेल्यांचं आहे. साताऱ्या-कोल्हापुरातली पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात, ती कुणी ढकलतं म्हणून नव्हे. सक्ती मागणाऱ्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं: ही पोरं कुठल्या सीमेवर, कुठल्या लढाईसाठी हवी आहेत? युद्धाची गरज असेल तर तसं स्पष्ट म्हणा, त्यावर वाद होऊ शकतो. पण दुसऱ्याच्या मुलाला वळण लावायला हातात बंदूक देणं, हा शिस्तीचा नव्हे, आपल्या पालकपणाच्या पराभवाचा कार्यक्रम आहे.