माळवदावरची माती

गेल्या वर्षी घट बसायच्या चार दिवस आधी मुलाचा फोन आला. "आप्पा, छोटा टेम्पो घेऊन या. थोडं सामान आहे, गावाकडं न्यायचं." तुळजापुरात त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. तो, सून आणि सहा वर्षांची नात. जाऊन बघतो तर दारात ढीग. लग्नात आलेले लेमन सेट, भिंतीवरची तीन घड्याळं, बिघडलेला मिक्सर, अहेराचे टॉवेल-टोप्या, डब्यात डबे घातलेले डबे. आणि कडेला माझ्या आईचा पितळी हंडा. तो मीच सुनेला लग्नात दिला होता.

नवरात्राच्या आधी घर काढायची रीत आमच्याकडं जुनीच आहे. वाकळा धुवायच्या, भांडी घासायची, भिंती सारवायच्या. पण आम्ही वस्तू बाहेर काढतो, पुसतो आणि परत जागच्या जागी ठेवतो. सुनेनं त्या परत आत घेतल्या नाहीत, एवढाच फरक.

ती म्हणाली, "मामा, जपानची एक बाई आहे, मारी कोंडो. ती सांगते, एकेक वस्तू हातात धरायची आणि बघायचं, हिच्यानं मनाला आनंद होतो का? होत नसंल तर तिचे आभार मानायचे आणि जाऊ द्यायची."

मला हसू आलं. म्हणलं, "पोरी, खुरपं हातात धरून कुणाला आनंद झालाय? कंबर मोडती. म्हणून काय टाकून द्यायचं?"

तीही हसली. "खुरपं रोज लागतं मामा. ही तीन घड्याळं कशाला? पोरीला रात्री पाय पसरायला जागा नाही."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण टेम्पोत बसल्यावर रस्ताभर मनात राग धुमसत राहिला. यांना काय माहीत, म्हणलं. 1972 साली मी तेरा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर आईबाप खडी फोडायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. घरातलं बळद तळाला गेलं तेव्हा आई आत उतरून हातानं दाणे गोळा करत होती. त्या बाईनं पुढं जन्मभर सुतळीचा तुकडासुद्धा टाकला नाही. "असू दे, लागंल," हा तिचा मंत्र. ज्यांनी दुकान बंद झालेलं कधी बघितलं नाही, त्यांना वस्तू टाकायला काय जातंय? आणि हंडा काय आमच्या एकट्याचा होता? भावकीत लग्न असलं की आधी आमच्या दारात माणूस यायचा, हंडा न्यायला. वस्तू एका घरात असायची, कामाला दहा घरांच्या यायची.

असं मनाशी भांडत घरी आलो. खरं सांगायचं तर आता लग्नं मंगल कार्यालयात होतात. हंडा मागायला पंधरा वर्षांत कुणी आलेलं नाही. सामान उतरवायला गेलो तर जागा नाही. खोलीत खताची रिकामी पोती, फुटके पाइप, जळालेल्या मोटारीची वायर. सगळं माझंच, "लागंल" म्हणून ठेवलेलं. बायको म्हणाली, "हे आता ठेवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?"

डोक्यावर म्हणल्याबरोबर मला माळवद आठवलं.

आमचं जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर तुळया, फळ्या, पाला आणि त्यावर पांढरी माती. पाऊसकाळाच्या आधी वडील वर चढून नवी माती टाकायचे, म्हणजे गळत नाही. पण जुनी माती कुणी काढत नसे. असं वर्षानुवर्षं चालायचं. घरात उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. डोक्यावर किती ओझं चढलंय हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आमचं घर वाचलं, भिंतीला तडे गेले. पण तिकडं सास्तूर, किल्लारीकडं अशीच घरं माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. घर गळू नये म्हणून पिढ्यांनी वर घातलेली मातीच माणसांच्या अंगावर आली.

त्याच आठवड्यात गावानं भूकंपग्रस्तांसाठी कपडे गोळा केले. आमच्या घरातलं गाठोडं मी बांधलं. आता ही गोष्ट सांगायची लाज वाटती, पण सांगतो. मी त्यात विरलेली धोतरं आणि बटणं तुटलेले सदरे घातले. आईचं एक नवंकोरं इरकली लुगडं हातात आलं होतं. तेवढं बाजूला काढून पेटीत ठेवलं. "लागंल" म्हणलं. त्यानंतर ते कुणीच नेसलं नाही. आई गेली. काही वर्षांनी घडी उलगडायला गेलो तर घडीवरच फाटलं.

तुळजापुरात मंगळवारी-शुक्रवारी बाया परडी घेऊन जोगवा मागतात. मूठभर पीठ घालायचं, पण परडीत किडकं पीठ कुणी घालत नाही, कारण ते देवीचं. घर पडलेल्या माणसाला मात्र मी किडकंच घातलं. त्या दिवशी मी दान केलं नव्हतं, अडगळ काढली होती.

हे सगळं मनात असताना टेम्पोतलं शेवटचं बोचकं उतरवलं. निघताना सून म्हणाली होती, "ते सोडू नका मामा. ते द्यायचं आहे. आमच्या गल्लीत ऊसतोडीला जाणारी घरं आहेत, पण जवळच्या जवळ दिलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं. तुम्ही गावात बघून द्या." मी गाठ सैल करून बघितलं. तीन साड्या, धुऊन इस्त्री केलेल्या. एक तर तिच्या बारशाची, एकदाच नेसलेली. नातीचे स्वेटर, बटणं नवी लावलेली. मी गाठ परत बांधली आणि ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

आनंद होतो का, हा त्या जपानी बाईचा प्रश्न मला अजून पटत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला तो परवडत नाही. आणि "लागंल का" हा आईचा प्रश्न संपता संपत नाही, कारण लागेल तर सगळंच. मी माझ्यापुरता तिसरा प्रश्न धरलाय: उद्या कुणी ही वस्तू मागायला आलं तर मी हसत देईन का? देणार असलो तर ठेवायची. मागितली तरी देणार नसलो आणि स्वतःही वापरणार नसलो, तर ती माळवदावरची माती.

बी आणि वर्षाची ज्वारी यांना हा प्रश्न विचारत नाही. ती राहणारच. पोती, पाइप, वायर भंगारवाल्याला घातली. बोचकं ज्यांना द्यायचं त्यांना दिलं. हंडा अजून ओट्यावर आहे. रोज घासून पाण्यानं भरतो, शेताकडं जाणारी-येणारी माणसं तांब्या बुडवून पितात. पेटीत मात्र अजून बरंच काही आहे. एकेक काढतोय. हात लगेच सुटत नाही.