सरहद्दीपलीकडचं माहेर

पाठ टेकून बसा. घाई कसलीच नाही. आज एका घराचा विचार करायचा आहे, आणि ते घर पिंपळगाव रेणुकाईत आहे असं धरून चालू. भोकरदन तालुक्यातलं हे गाव मिरचीच्या बाजारामुळे लांबलांबच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. थोडं पुढे गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो. मराठवाडा सरतो, वऱ्हाड सुरू होतो.

आता स्वतःचं नाव मनात म्हणा. मग वडिलांचं. आजोबांचं. पणजोबांचं. सावकाश. बहुतेक जण खापरपणजोबांपाशी अडखळतात. अडखळलात तर तिथेच जरा बसा, पुढचं नाव ओढून आणू नका.

त्या नावांच्याही मागे, दिसत नाही इतका लांब, एक माणूस उभा आहे. मूळ पुरुष. तो कसा आला असेल? दुष्काळाने किंवा लढायांनी गावं ओस पडत, तेव्हा सरकारातून कौल, म्हणजे अभयपत्र, निघे. इस्ताव्याने जमीन मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा चढता, आणि काही वर्षांनी पुरा. त्या भरवशावर कुणीतरी बैल, बी-बियाणं आणि बायकामुलं घेऊन येई, काळी म्हणजे शेतजमीन नांगरी, पांढरीत म्हणजे गावठाणात घर बांधी. वाट्याला येई ती बहुधा माजलेली, काट्याकुपाट्याची जमीन. त्याच्याबरोबर सुतार आला, लोहार आला, महार आला. गाव बसवल्याचं श्रेय मात्र पाटलाच्या घरालाच मिळालं. त्या बाकीच्यांनाही इथे क्षणभर बसू द्या.

घराचं कुलदैवत कुठलं, तेही आठवा. ते लांबचं असेल तर मूळ पुरुष तिकडूनच आला, असं पुष्कळ घरांत सांगतात. नुसत्या तेवढ्यावर विसंबू नये, पण धागा म्हणून धरायला हरकत नाही.

मग कागद. २०२३ च्या सप्टेंबरात, पिंपळगावच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू असताना, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या बाहेर निघाल्या. कधी पणजोबांच्या नावाकडे फिरकला नाही असा माणूसही वंशावळ मांडायला बसला. हेतू दाखल्याचा असो, आरक्षणाचा असो. एवढी घरं एकाच वेळी आपल्या मुळाकडे वळली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

असा एखादा कागद डोळ्यांसमोर आणा. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, उर्दूत. ओळीत एक नाव आहे. पहिल्या अक्षरावर दोन नुक्ते असतील तर तानाजी, एकच असेल तर नानाजी. शाई पुसट आहे. कसर लागली आहे. एका ठिपक्यावर तुमचा पणजोबा बदलतो. वाचणाऱ्याला घाई करू नका. शेजारच्या ओळीतला भाऊ कोण, वावर कुठलं, ते आधी पाहू द्या.

आता माझ्या मनात जास्त आहे त्याकडे येऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कंपनीच्या हवाली केला. पिंपळगाव निजामाकडे राहिलं, बुलढाण्याकडची गावं इंग्रजी अमलात गेली. पलीकडचे लोक अलीकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. वाटेवर करोडगिरीचे नाके, म्हणजे जकातीचे. इकडे निजामाचा अंमल चालला थेट सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनपर्यंत.

सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. लेक पलीकडे बुलढाण्यातल्या धाडकडे दिली, सून तिकडून आणली. अशी एक सून डोळ्यांसमोर आणा. कलदारच्या मुलखातून हालीच्या मुलखात आलेली, डोईवर पदर, बैलगाडीत मागे बसलेली. सासरी तिचं पाळण्यातलं नावही बदललं. माहेरी जाताना नाक्यावर तिला बोचकं सोडून दाखवावं लागलं असेल का? भाऊबीजेला निघालेल्या बाईच्या बोचक्यात असणार काय? लाडू, एखादं लुगडं, पोराचं झबलं.

नवा मुलूख वसवायचं काम मूळ पुरुषाने एकदा केलं. या बायकांनी ते पिढीगणिक केलं. परकं घर, परकी विहीर, बोलण्याचा थोडा निराळा हेल, सगळं नव्याने अंगवळणी पाडायचं. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आणि भाऊ पुन्हा पुन्हा येतात. बाईची वंशावळ असलीच तर तिथे. जातीच्या दाखल्याला बहुतेकदा लागतो तो बापाकडचा पुरावा. कचेरीच्या कामाला तो पुरतो, पण घराच्या वारशाला तो अर्धाच पडतो.

म्हणून पुन्हा नावं म्हणा, या वेळी दुसऱ्या बाजूने. आई. आईची आई. वडिलांची आई. त्यांची माहेरची नावं येतात का? गाव कुठलं? इथे दुसऱ्याच पिढीला अडखळाल. घरात थकलेली आत्या किंवा चुलती असेल तर तिला विचारा, पण हातात वही घेऊन समोर बसू नका. शेंगा फोडता फोडता, मिरच्यांची देठं खुडता खुडता विचारा. तिला साल सांगता येणार नाही. पण "बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी," "पोलीस ॲक्शनच्या साली," असं ती सांगेल, आणि तेवढं पुरतं.

कळेल ते वंशावळीत प्रत्येक सुनेच्या नावाशेजारी लिहा: पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि ते मोगलाईतलं की वऱ्हाडातलं. गाव सापडलं तर एखाद्या रविवारी तिथे जा. तिच्या भावाच्या पणतवंडांना भेटा, त्यांची वंशावळ मागा. त्यात ही लेक नोंदलेली आहे का ते बघा. बहुधा नसेल. मग त्यांच्या परवानगीने त्यांच्या कागदावरही तिचं नाव घाला, पुढे "दिली: पिंपळगाव रेणुकाई" एवढं लिहा, आणि त्यांच्या घरातून इकडे आणखी कुणी दिलेली आहे का, तेही विचारून घ्या.