तीनशे शब्द कोणी लिहायचे?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरात पोर्शेनं दोन तरुणांना चिरडलं. दोघंही आयटी इंजिनिअर, माझ्याहून लहान. मित्रांसोबत पार्टी करून निघालेला आरोपी सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये एक होती: रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. सगळे भडकले, मीही.

पुढे वडिलांना अटक झाली. मग रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईला आणि ससूनच्या डॉक्टरांनाही. तेव्हा वाटलं, हा निबंध एकट्या मुलानंच लिहायचा का?

मुलगा बिघडला की आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: ‘संगत वाईट.’ पण टोळक्यातल्या पाचही पोरांच्या आया हेच म्हणतात. मग वाईट संगत नेमकी कोण?

नेरूळला आमच्या सोसायटीबाहेर रात्री अकरापर्यंत पोरं कट्ट्यावर असतात. एकाच्या घरातली भांडणं जिन्यापर्यंत ऐकू येतात. तो वर जायचं टाळतो. खाली त्याला कोणीतरी ‘जेवलास का?’ विचारतं, अर्धा वडापाव देतं. उद्या त्याच मित्रांनी कोणाची बाईक उचलायची ठरवली, तर ‘नाही’ म्हणणं म्हणजे हक्काची एकमेव जागा गमावणं.

काही घरांत आवाज चढतच नाही, पण पोराच्या प्रत्येक चुकीची भरपाई दुसराच करतो. दोन्हीकडे रागावूनही सोबत राहणारं माणूस नसतं.

संगत तारतेही. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली मुलं पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली, आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. ‘झुंड’ सिनेमा त्यांच्यावरच बेतलाय. पोरं तीच, वस्ती तीच. फक्त मध्ये एक मोठा माणूस उभा राहिला.

म्हणून मुलाला माफी? नाही. भांडणाऱ्या घरांतली बहुतेक मुलं गुन्हा करत नाहीत. २०१५ चा बाल न्याय कायदाही १६ ते १८ वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची कुवत तपासायला सांगतो. सोबत गुन्हा घडला ती परिस्थितीही. कुवत त्याची एकट्याची. परिस्थिती अनेकांनी मिळून घडवलेली.

गेलेल्या दोन जिवांपुढे कुठलाही निबंध तोकडाच. पण त्याला एकट्याला लिहायला बसवून बाकीच्यांनी उठून जायचं, हे काही पटत नाही.